लिंबाचे पान पिवळे का पडले?

आमच्या शाळेच्या मागच्या व्हरांड्यात तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांत लावलेली दोन झाडे होती. एक कागदी लिंबू, मुलांनी बीपासून वाढवलेले. दुसरे मोसंबीचे कलम, रोपवाटिकेतून विकत आणलेले. दोन वर्षे दोन्ही बरी वाढली. तिसऱ्या उन्हाळ्यात लिंबाच्या शेंड्याची पाने पिवळी यायला लागली आणि पावसाळा संपता संपता मोसंबीही पिवळट दिसू लागली. मग काय, प्रत्येकाकडे औषध होते. शिपाईमामा म्हणाले, सुट्टीत पाणी कमी पडले. मराठीच्या बाई म्हणाल्या, पाणी फार होते आहे. एका पालकांनी गंजलेले खिळे मातीत खुपसायला सांगितले, दुसऱ्यांनी चमचाभर युरिया, तिसऱ्यांनी आंबट ताक. विज्ञान शिकवणारे म्हणून आम्हाला विचारले गेले, तेव्हा आम्हीही काही शहाणपणा केला नाही. खिळे खुपसले, युरिया घातला, ताकही ओतले. कशाने काय झाले हे कळण्याची सोय आम्ही स्वतःच घालवून बसलो.

या सगळ्यात एक साधा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. पिवळे पडले ते कोणते पान? खालचे जुने की शेंड्याचे कोवळे? अर्धे पिवळे पडले असेल तर कोणते अर्धे? हे प्रश्न विचारायला माणूस शिकला त्याला फार काळ झालेला नाही. तो कसा शिकला हे शोधताना आमच्या लक्षात आले, की आमच्या व्हरांड्यात जो गोंधळ झाला तोच गोंधळ मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी आणि बागायतदारांनीही घातला होता. औषध लागू पडले की रोग कळला, असे त्यांनाही वाटत असे.

कुंडीतल्या लिंबाचा विज्ञानाशी संबंध मात्र बराच जुना आहे. इंग्लंडमधील टेडिंग्टन या गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांचे ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ हे पुस्तक १७२७ साली प्रसिद्ध झाले. झाड दिवसाला किती पाणी हवेत सोडते, हे त्यांनी चक्क तराजूने मोजले होते. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवायचा, सगळ्या फटी बुजवायच्या, पाणी घालण्यापुरती एक नळी ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन करायचे. पाणी बाहेर पडायला पानांखेरीज वाटच उरत नाही. या कुंड्यांत सूर्यफूल होते, कोबी होता, आणि लिंबाचे एक झाडही होते. लिंबाने सूर्यफुलापेक्षा पुष्कळच कमी पाणी सोडले. सदाहरित झाडे पाण्याचा खर्च बेताने करतात, असा निष्कर्ष हेल्स यांनी त्यावरून काढला.

घरात कुंड्या ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गुलाबाला, तुळशीला आणि लिंबाला एकाच झारीने सारखेच पाणी घातले की लिंबाची माती सतत ओली राहते. मुळांना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. ती पाहून आपण आणखी पाणी घालतो. डबा दोन्ही हातांनी उचलून पाहणे हा हेल्स यांचाच प्रयोग, फक्त तराजूवाचून. आमचा डबा उचलला तेव्हा जड लागला, म्हणजे मराठीच्या बाईंचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. तळाशी भोके पाडली. जुनी पाने गळायची थांबली, पण शेंड्याची नवी पाने पिवळीच येत राहिली.

या पिवळेपणाला एक जुने वैद्यकीय नाव आहे, क्लोरोसिस. युरोपात हे नाव आधी माणसांच्या एका दुखण्याला होते. वयात येणाऱ्या मुली फिकट, निस्तेज होत, त्यांना धाप लागे. वैद्य त्यांना लोखंडाचे क्षार देत, आणि त्या बऱ्या होत. १८४३ साली एझेब ग्री यांनी हेच औषध झाडांवर करून पाहिले. ग्री हे फ्रान्समधील शातियाँ-सुर-सेन या लहान गावात रसायनशास्त्र शिकवत, म्हणजे आपल्याच व्यवसायातले. त्यांनी पिवळ्या पडलेल्या झाडांच्या मुळाशी हिराकशीचे, म्हणजे फेरस सल्फेटचे, द्रावण घातले. मग तेच द्रावण त्यांनी पानांवर कुंचल्याने लावले, आणि जेथे द्रावण लागले तेथेच पान हिरवे होऊ लागले.

या प्रयोगाचे मोठेपण त्या कुंचल्यात आहे. सबंध झाडाला औषध दिले आणि झाड सुधारले, तर ते पावसाने सुधारले, उन्हाने की औषधाने, हा वाद उरतोच. एकाच पानाचा औषध लागलेला भाग हिरवा झाला आणि शेजारचा पिवळाच राहिला, तर वादाला जागा राहत नाही. ऊन तेच, पाणी तेच, मुळे तीच. प्रयोगाची तुलना, जिला आपण वर्गात ‘नियंत्रण’ म्हणतो, ती त्या पानातच आहे. पुढे त्यांचे पुत्र आर्थर ग्री यांनी अशी पाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लोहावाचून पिवळ्या पडलेल्या पानातील हिरवे कण नीट घडलेलेच नसतात आणि लोह मिळाले की ते घडू लागतात, हे त्यांनी १८५७ साली दाखवले.

औषध सापडले. मग त्यावरून एक सरळ तर्क निघाला. रक्ताचा लाल रंग लोहामुळे आणि पानाचा हिरवा रंगही लोहामुळेच परततो, तर हरितद्रव्यातही लोहच असले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील अनेकांना हे पटले होते, आणि न पटण्यासारखे त्यात होते तरी काय? पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रिखार्ट विल्श्टेटर यांनी हरितद्रव्य शुद्ध करून तपासले, तेव्हा त्यात लोह नव्हतेच, मॅग्नेशियम होते. या कामासाठी त्यांना १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. लोह लागते ते हरितद्रव्य तयार करणाऱ्या यंत्रणेला. ते हरितद्रव्याचा घटक नाही. भाकरी करायला तवा लागतो, पण भाकरीत तवा नसतो. म्हणजे ग्री यांचे औषध बरोबर आणि त्यावरून लोकांनी बांधलेला अंदाज चूक, असे ६० वर्षे चालले. इतिहासात ही जोडी आपल्याला आणखी दोनदा भेटणार आहे.

दरम्यान जर्मनीत युलिउस झाक्स यांनी १८६० च्या सुमारास झाडे मातीवाचून, नुसत्या पाण्यात क्षार विरघळवून वाढवली. लोह वगळून मका वाढवला की पहिली काही पाने हिरवी येत, कारण दाण्यात साठलेले लोह त्यांना पुरे. त्यानंतरची पाने फिकट आणि शेवटी पांढरी येत. पाण्यात लोहक्षाराचे थोडे थेंब टाकले की दोन-तीन दिवसांत पांढरी पाने हिरवी होऊ लागत. हा प्रयोग आजही काचेच्या बरणीत करता येतो, आणि आठवी-नववीच्या मुलांना तो फार आवडतो.

झाक्स यांच्या मक्यात खालची पाने हिरवी आणि वरची पांढरी होती, हे नीट लक्षात घ्यावे. पानात एकदा बसलेले लोह झाड सहसा पुन्हा काढून घेऊ शकत नाही, म्हणून टंचाई आली की नव्या पानाला ती भोगावी लागते. नत्राचे उलट आहे. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून शेंड्याकडे पाठवते आणि खालची पाने पिवळी पडतात. घरात धान्य कमी असले की आधी म्हातारी माणसे उपाशी राहतात, तसेच. मॅग्नेशियमही असेच हलते. लिंबूवर्गीय झाडांत त्याची खूण सुरेख असते. जुने पान पिवळे पडते, पण देठाजवळ बाणाच्या टोकासारखा हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. आमच्या लिंबाचे शेंड्याचे पान पिवळे होते आणि त्यातल्या शिरांचे जाळे मात्र हिरवेगार होते. अशा झाडाला युरिया घालणे म्हणजे तहानलेल्याला भाकरी वाढणे.

म्हणजे लोह कमी. मग खिळ्यांनी काम का झाले नाही? याचे उत्तर फ्रान्सच्या द्राक्षबागांनी फार महागात मिळवले. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या मुळांवरच्या किडीने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यावर उपाय निघाला तो अमेरिकी रानद्राक्षांच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाचे कलम बांधण्याचा, कारण ती मुळे किडीला दाद देत नसत. पण कोन्याकच्या परिसरातील चुनखडीच्या जमिनीत ही कलमे पिवळी पडून वठू लागली. एका संकटातून सुटका करणाऱ्या उपायातूनच दुसरे उभे राहिले. १८८७ साली प्येर व्हियाला यांना खास अमेरिकेत पाठवण्यात आले ते चुनखडीत तग धरणारी द्राक्षे शोधायला. टेक्सासमध्ये टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीने त्यांना बर्लँडिएरी ही जात मिळाली आणि तिच्या संकरांतून चुनखडीतले खुंट निघाले.

त्या जमिनीत लोह नव्हते असे मुळीच नाही. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे, कोणत्याही मातीत ते झाडाच्या गरजेच्या कितीतरी पट असते. पण चुन्यामुळे मातीचा सामू वाढला की लोहाचे न विरघळणारे संयुग बनते, आणि मुळांना फक्त विरघळलेलेच घेता येते. आमच्या शाळेच्या बोअरचे पाणी उकळले की पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो. त्यावर लिंबाचा रस टाकला की फसफसते. तोच चुना आम्ही तीन वर्षे त्या डब्यात ओतत होतो. डब्यातून पाणी उडून जाते, चुना तिथेच राहतो. शेतातल्या झाडाची मुळे दूर जाऊन वाट काढू शकतात, डब्यातल्या झाडाला तशी सोय नाही. अशा मातीत गंजके खिळे म्हणजे न विरघळणाऱ्या लोहात आणखी थोडे न विरघळणारे लोह.

आता दुसरी गोष्ट, जी आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत गमतीची वाटते. १९३० च्या आसपास कॅलिफोर्नियात पीच आणि इतर फळझाडांना ‘छोटे पान’ नावाचे दुखणे होते. पाने लहान, अरुंद, पिवळट येत आणि शेंड्याला झुपक्यांनी लागत. चँडलर, होगलंड आणि हिबर्ड या तिघांनी बुंध्याभोवती हिराकस भरपूर टाकून पाहिली आणि झाडे सुधारली. पुन्हा लोहच, असे कोणीही म्हटले असते. पण शुद्ध हिराकस वापरली की गुण येईना. बाजारातील स्वस्त, अशुद्ध हिराकशीनेच काम होई. तिच्यात भेसळ होती जस्ताची. गुण लोहाचा नव्हताच, त्या भेसळीचा होता.

जवळजवळ त्याच वेळी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेकन या कवचफळाच्या झाडांवर असेच काम चालले होते. ॲल्बेन, कोल आणि लुईस या संशोधकांनी लोहक्षाराचे द्रावण फवारले. काही झाडे सुधारली, काही नाही, आणि द्रावण तर एकच. फरक निघाला तो भांड्यांत. जे द्रावण जस्ती बादलीत कालवले होते, त्यात बादलीच्या मुलाम्याचे जस्त विरघळून उतरले होते आणि तेच झाडांना लागू पडले होते. हे १९३२ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी १९२६ साली ॲना सॉमर आणि चार्ल्स लिपमन यांनी सूर्यफूल आणि बार्लीला जस्ताची अत्यल्प पण अटळ गरज असते, हे पाण्यातील प्रयोगांनी सिद्ध केले होते. पण प्रयोगशाळेतील ती बार्ली आणि बागेतले रोगट झाड यांची गाठ घालून दिली ती एका बादलीने. लवकरच कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या ‘चट्टेरी पानां’वरही जस्ताची फवारणी लागू पडली. आपल्याकडे लिंबूवर्गीय झाडांवर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्मा विरलेला चुना घालून फवारतात, त्याची वंशावळ ही अशी आहे.

यानंतर पानांवरून कमतरता ओळखण्याचे शास्त्र भराभर वाढले. १९४३ साली, ऐन युद्धात, इंग्लंडमधील लाँग ॲश्टनच्या थॉमस वॉलेस यांनी रोगट पानांच्या रंगीत छायाचित्रांचे पुस्तकच काढले. १९५२ साली फ्लोरिडात स्टुअर्ट आणि लेनर्ड यांनी चिलेट वापरून संत्र्याचा लोहाचा आजार बरा करून दाखवला. चिलेट हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. एक मोठा सेंद्रिय रेणू लोहाच्या अणूला नांगीत धरून ठेवतो, त्यामुळे ते मातीत विरघळलेलेच राहते. फार चुनखडीच्या मातीत मात्र सगळ्याच नांग्या टिकत नाहीत. तेथे ईडीटीएऐवजी ईडीडीएचए नावाचा प्रकार लागतो. खत-बियाण्यांच्या दुकानात डब्यावरचे हे नाव वाचून घ्यावे.

इथवर सगळे सुखान्त वाटते. पिवळे पान पाहावे, पुस्तकातले चित्र शोधावे, औषध द्यावे. पण मोसंबीच्या डब्याची गोष्ट अजून राहिली आहे.

दक्षिण चीनमधील शेतकरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एका रोगाला ‘हुआंगलाँगबिंग’ म्हणत. याचे भाषांतर पुष्कळदा ‘पिवळ्या ड्रॅगनचा रोग’ असे केले जाते आणि ते ऐकायला छान वाटते, पण तिथल्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ झाडाची फूट, कोंब असा आहे. हिरव्या झाडात एखादीच फांदी पिवळी फुटते म्हणून पिवळ्या कोंबाचा रोग. कोणी म्हणे जमिनीत पाणी तुंबते, कोणी म्हणे खत कमी पडते. लिन कुंग-श्यांग यांनी १९४१ पासून या रोगाची पाहणी केली. त्यांनी रोगट झाडाचे डोळे निरोगी झाडांवर भरले आणि ती झाडे आजारी पडली. माती बदलली नव्हती, खत बदलले नव्हते. म्हणजे रोग डोळ्याबरोबर आला. हे काम त्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले, पण ते चीनबाहेर फार थोड्यांच्या वाचनात आले.

दक्षिण आफ्रिकेत याच लक्षणांना ‘ग्रीनिंग’ म्हणत, कारण फळ पिकले तरी हिरवेच राही. तेथे १९३७ साली शास्त्रज्ञ मँगेनीज आणि क्रोमियमची विषबाधा तर नाही ना, याची चर्चा करत होते. हा रोग कलमाने पसरतो हे तेथे १९६५ साली सिद्ध झाले. भारतात संत्र्या-मोसंबीच्या बागा शेंड्याकडून वाळत जात, त्याला ‘डायबॅक’ म्हणत आणि कारणे सांगत ती जमीन, निचरा, खते यांची. ऑस्ट्रेलियाच्या लिलियन फ्रेझर यांनी आपल्या बागा पाहिल्या आणि १९६६ साली भारतीय सहकाऱ्यांबरोबर लिहिले, की यामागे बहुधा ग्रीनिंगच आहे. लगेच पुढच्या वर्षी पुण्यातून कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी दाखवले, की सिट्रस सायला हा तीन-चार मिलिमीटरचा कीटक रोगट झाडाचा रस शोषून निरोगी रोपावर बसला की रोग तेथे जातो.

इतके लोक इतकी वर्षे चुकले कसे? कारण त्यांचे निदान अर्धे खरे होते. हा जंतू झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो. त्या बुजतात, पानात तयार झालेले अन्न खाली उतरत नाही, मुळे उपाशी मरतात आणि मग मुळांकडून जस्त-लोह वर येईनासे होते. पानावर जस्ताच्या कमतरतेची खूण उमटते आणि ती खोटी नसते. त्या पानात जस्त खरोखरच कमी असते. जस्त फवारले की पुढची पालवी जरा बरीही येते. बागायतदाराला वाटते, औषध लागू पडले. तोवर सायला शेजारच्या झाडांवर जाऊन बसलेला असतो.

हा जंतू कोण, हे ठरवायलाही औषधच कामी आले. १९७० साली फ्रान्समध्ये लाफ्लेश आणि बोव्हे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रसवाहिन्यांत काही जीव दिसले. तोपर्यंत ज्याला विषाणू मानत होते ते विषाणू नव्हते, पण मायकोप्लाझ्मा असावेत असे वाटले. मायकोप्लाझ्माला पेशीभित्ती नसते. पेनिसिलिन मारा करते ते जिवाणूची पेशीभित्ती घडू न देऊन. रोगट झाडांना पेनिसिलिन दिल्यावर लक्षणे ओसरली, म्हणजे त्या जिवाला भित्ती आहे, तो जिवाणू आहे. १९९४ साली डीएनएवरून त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, आणि १९९५ साली लिन यांच्या पुराव्याचा मान राखून रोगाचे चिनी नाव जगभर मान्य झाले. मात्र पेनिसिलिनने रोग दबला, गेला नाही. फ्लोरिडात हा रोग २००५ साली आढळला. २००३-०४ च्या हंगामात तेथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या, २०२३-२४ मध्ये दोन कोटीही निघाल्या नाहीत. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण मुख्य कारण हेच.

आता व्हरांड्यात परत येऊ. लिंबाच्या पिवळ्या पानांवर मुलांनी ग्री यांचा प्रयोग केला. लिटरला ५ ग्रॅम हिराकस, चिमूटभर सायट्रिक ॲसिड, संध्याकाळची वेळ. पानाच्या डाव्या अर्ध्या भागावर द्रावण, उजव्यावर साधे पाणी. आठ-दहा दिवसांत डाव्या बाजूला हिरवे ठिपके उमटले. सबंध अर्धे पान काही हिरवे झाले नाही, पण उजवी बाजू पिवळी ती पिवळीच राहिली. त्यानंतर लिंबाला पावसाचे साठवलेले पाणी आणि नांगीवाले लोह सुरू केले.

मोसंबीचे पान मुलांनी मधल्या शिरेवर दुमडून पाहिले. कमतरतेची खूण साधारणपणे दोन्ही बाजूंना सारखी असते. इथे डावीकडे पिवळा चट्टा, उजवीकडे हिरवे. दुसऱ्या पानावर उलट. झिंक फवारले, पालवी बरी आली, दोन महिन्यांनी एक फांदी पुन्हा पिवळी. मग आम्ही पाठ्यपुस्तकातलीच पिष्टाची चाचणी केली. पहाटे, उजाडण्यापूर्वी, मोसंबीचे एक आणि लिंबाचे एक पान तोडून, स्पिरिटमधून हरितद्रव्य काढून, आयोडीन टाकले. रात्रभरात पानातले पिष्ट खर्च व्हायला हवे. लिंबाचे पान तपकिरी झाले. मोसंबीचे काळेनिळे, कारण रसवाहिन्या बुजल्या की पिष्ट पानातच अडकून पडते. ही चाचणी संशय बळावते, खात्री डीएनएच्या तपासणीनेच होते आणि ती सोय आमच्याकडे नव्हती.

दोन हातांवर कढीपत्त्याचे झाड होते. त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर शेपटी वर करून बसलेले बारके कीटक आणि पांढऱ्या मेणाचे धागे सोडणारी पिल्ले मुलांना सापडली. सायलाला लिंबाइतकाच कढीपत्ताही चालतो, आणि कुंतीही. कुंपणापलीकडे एका पालकांची संत्र्याची बाग आहे.

मोसंबी उपटायची असे ठरले तेव्हा सातवीच्या मुलांनी विरोध केला. झाड जिवंत आहे, त्याला चार फळेही आहेत, शिवाय खात्री कुठे आहे, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला शेवटच्या मुद्द्यावर उत्तर देता आले नाही. आम्ही त्यांना बागेत घेऊन गेलो, बागेच्या मालकांशी बोलू दिले आणि दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी आधी दोन्ही डब्यांवरचे आणि कढीपत्त्यावरचे कीटक फवारून मारले, कारण झाड हलवले की ते उडून बागेतच गेले असते. मग मोसंबी उपटून जाळली. उपटताना दिसले, बारीक मुळे जवळजवळ उरलीच नव्हती.

त्या डब्यात आता पुदिना आहे. लिंबाशेजारच्या भिंतीला मुलांनी एक वही टांगली आहे. तिच्यात चार रकाने आहेत: तारीख, पान शेंड्यापासून कितवे, शिरा हिरव्या की पिवळ्या, दुमडल्यावर दोन्ही बाजू सारख्या का. औषधाचा रकाना आखायचा राहिला, असे एका मुलीने परवा दाखवून दिले. तो पाचवा रकाना तिने स्वतःच पट्टी घेऊन आखला.